आयर्लंड वर्क परमिट : ऑफरचा एकूण आकडा धरत नाहीत का? भाचीच्या पत्रावरून प्रश्न

कॉर्कवासी | १२ एप्रिल २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय, जरा घाई आहे.

ती छत्रपती संभाजीनगरची. बी.ई. मेकॅनिकल, वाळूज एमआयडीसीत सात वर्षं क्वालिटीचं काम केलंय. गॉलवेजवळच्या वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीकडून क्वालिटी इंजिनिअरची ऑफर आली आहे, दोन वर्षांचा करार. पत्रात पगार असा मांडलाय :

बेसिक ३७,९०० युरो
शिफ्ट भत्ता २,६००
वार्षिक बोनस २,००० पर्यंत
एकूण ४२,५००

शिवाय आरोग्य विमा कंपनी भरणार, साधारण १,२०० चा.

इथे वर्क परमिट मुख्यतः दोन : टंचाईच्या कामांची यादी आहे त्यांना 'क्रिटिकल स्किल्स', बाकीच्यांना 'जनरल'. दोन्हींना पगाराची किमान मर्यादा आहे. पुण्यातला कन्सल्टंट म्हणाला, "क्रिटिकल स्किल्सची मर्यादा ४०,९०४ आहे, तुमचे ४२,५०० आहेत, निश्चिंत राहा." आम्ही राहिलो. शुक्रवारी कंपनीच्या एचआरची मेल आली की क्रिटिकल स्किल्समध्ये हा पगार बसत नाही, तेव्हा जनरल परमिटसाठी अर्ज करतो, येत्या शुक्रवारपर्यंत होकार कळवा.

मी स्वतः २०११ मध्ये आलो तेव्हा इथे 'ग्रीन कार्ड' परमिट होतं. यादीतलं काम असेल तर ३० हजार पगार पुरायचा, बाकी कुणी फार काही विचारत नसे. त्या अनुभवावर आज सल्ला द्यायची मला हिंमत होत नाही. बहीण म्हणते, "दादा, कुठलं का परमिट असेना, एकदा पाऊल तर पडू दे." पण भाचीला तीन वर्षांची मुलगी आहे आणि जावयांची नोकरी तिकडे वाळूजलाच. दोन परमिटांत फरक पडतो तो नेमका याच तिघांच्या आयुष्यात, एवढं मला कळतंय. बोनस आणि भत्ता खरंच धरत नाहीत का? आणि जनरलला हो म्हणावं का?

पेरोलवाला | १२ एप्रिल २०२६, रात्री १०.२५

मामा, एचआर बरोबर आहे, कन्सल्टंट चुकलाय. मी डब्लिनमध्ये पगारपत्रकांचंच काम करतो आणि ही चूक दर महिन्याला बघतो.

मर्यादेत धरतात ती बेसिक, म्हणजे करारात लिहिलेली आणि दर महिन्याला हमखास मिळणारी रक्कम. बोनस मिळेलच असं नसतं, म्हणून तो धरत नाहीत. शिफ्ट भत्ता शिफ्ट बदलली की जातो, म्हणून तोही नाही. ओव्हरटाइमचंही तेच. वर धरता येतं ते फक्त कंपनीने भरलेल्या आरोग्य विम्याचं, तेही विमा कंपनी इथे नोंदलेली असेल तर. म्हणजे तुमच्या भाचीचे ३७,९०० अधिक १,२००, झाले ३९,१००. लागतात ४०,९०४. कमी पडतात १,८०४.

आता हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण कन्सल्टंट लोक जुने तक्ते फिरवत असतात. जानेवारी २०२० पासून यादीतल्या पदवीधरांसाठी क्रिटिकल स्किल्सला ३२,००० होते. जानेवारी २०२४ ला एकदम ३८,००० झाले आणि जनरल ३०,००० वरून ३४,००० वर गेलं. पुढची मोठी उडी जानेवारी २०२५ ला ठरली होती, जनरल थेट ३९,००० होणार होतं. उद्योजकांनी ओरड केली, सरकारने ती पुढे ढकलली आणि सगळ्याचा फेरविचार केला. त्यातून डिसेंबर २०२५ मध्ये २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा आराखडा आला. पहिला टप्पा १ मार्च २०२६ ला लागू झाला : क्रिटिकल स्किल्स ४०,९०४, जनरल ३६,६०५, आणि यादीबाहेरच्या कामाला क्रिटिकल स्किल्स हवं असेल तर ६८,९११. नुकतीच पदवी घेतलेल्यांना सवलत आहे, क्रिटिकलला ३६,८४८ आणि जनरलला ३४,००९. पण ती शेवटच्या १२ महिन्यांत पदवी झालेल्यांना, सात वर्षं अनुभव असलेल्या तुमच्या भाचीला तिचा उपयोग नाही.

जनरलला लगेच हो म्हणू नका. आधी एचआरला एकच प्रश्न विचारा : शिफ्ट भत्त्यातले पैसे बेसिकमध्ये वळवता येतील का? कंपनीचा एकूण खर्च जवळपास तोच राहतो. त्यांना फक्त पत्र बदलावं लागतं.

कॉर्कवासी | १२ एप्रिल २०२६, रात्री १०.५१

पेरोलवाला, मनापासून आभार. म्हणजे २,६०० बेसिकमध्ये घेतले की ४०,५००, आणि विमा धरून ४१,७००. मर्यादा ओलांडली. एवढ्यावर भागेल?

पेरोलवाला | १२ एप्रिल २०२६, रात्री ११.०८

कागदावर भागेल. पण विम्याच्या टेकूवर आकडा काठावर ठेवू नका. उद्या कंपनीने विम्याची योजना बदलली, हप्ता कमी झाला की तुम्ही मर्यादेखाली. बेसिकच ४१,००० मागा. ५०० युरोचा प्रश्न आहे, आणि सात वर्षांच्या अनुभवाला ते जास्त नाहीत.

आणखी एक. आठवड्याचे तास किती लिहिलेत ते बघा. मर्यादा ३९ तासांच्या आठवड्यावर मोजतात, ४०,९०४ म्हणजे तासाला साधारण २०.१७ युरो. करारात तास जास्त असतील तर पगारही त्या दराने चढला पाहिजे.

शेफ_बांदा | १३ एप्रिल २०२६, दुपारी ३.१५

तासांवरून लिहितोय. रात्रपाळी करून उठलोय, पण हे लिहिणं गरजेचं आहे.

मी बांद्याचा, सिंधुदुर्गातला. गोव्यात नऊ वर्षं हॉटेलांत काढली, २०२३ मध्ये जनरल परमिटवर इथे आलो. तेव्हा मर्यादा ३०,००० होती. करारात ३९ तास. प्रत्यक्षात ५५, कधी ६०. बँकेत पगार बरोबर यायचा, पेस्लिप बरोबर, सगळं कागदावर बरोबर. आणि दर महिन्याच्या दोन तारखेला मालक ४०० युरो रोख परत मागायचा. म्हणायचा, परमिटचे हजार युरो मी भरले, जाहिरात मी दिली, ते कोण देणार?

मला वाटलं असंच असतं. तेरा महिने दिले मी ते पैसे. आईला सांगितलं नाही.

नंतर कळलं की भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला इथे कायद्यानेच बंदी आहे. पासपोर्ट अडकवून ठेवायलाही. तक्रार डब्ल्यूआरसीकडे, म्हणजे वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे करायची, पण घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. मला कळेपर्यंत माझे बरेचसे महिने त्या मुदतीबाहेर गेले होते. डब्लिनमध्ये मायग्रंट राइट्स सेंटर आहे, तिथल्या लोकांनी शांतपणे सगळं समजावलं. सप्टेंबर २०२४ ला नवीन कायदा लागू झाला, त्यात नऊ महिन्यांनंतर मालक बदलता येतो. आधी बारा महिने थांबावं लागायचं. मी त्याच वर्षी बदलला.

मामा, तुमच्या भाचीची कंपनी मोठी असेल, तिथे असं होणार नाही. पण हा धागा उद्या एखादा शेफ वाचेल म्हणून लिहितो : आज जनरलचा दर तासाला १८.०५ पडतो. करारात ४५ तास असतील तर वर्षाला ४२,२०० च्या वर पगार हवा. कुणी ३६,६०५ देऊन ४५ तास लिहून घेत असेल तर सही करू नका.

लिमरिकचे_काका | १३ एप्रिल २०२६, संध्याकाळी ७.३०

शेफ_बांदा, तुझ्याबरोबर जे झालं ते वाचून लाज वाटली. मीही इथे १४ वर्षं छोटं हॉटेल चालवतो आणि माझ्याकडे असं कधी झालेलं नाही. पण मालकाची बाजू कुणीतरी लिहिली पाहिजे.

किमान वेतन आज तासाला १४.१५ आहे. माझ्याकडे वाढपी, भांडी घासणारे त्या दराच्या आसपास आहेत. तंदूरवर बसणारा माणूस मला इथे मिळत नाही. २८ दिवस जाहिरात द्यावी लागते, ती मी दोनदा दिली. जे अर्ज आले त्यांतल्या एकालाही तंदूर माहीत नव्हता. म्हणून भारतातून माणूस आणायचा तर १८.०५. दर मार्चला तो चढत जाणार. त्यात निम्मे कामगार युरोपीय हवेत ही अट. डब्लिनच्या मध्यवस्तीतल्या हॉटेलला आणि डोनेगलच्या खेड्यातल्या हॉटेलला आकडा एकच. डब्लिनला थाळी २२ युरोला जाते, माझ्याकडे १५ ला. हा एकच आकडा मला अन्यायाचा वाटतो आणि तसं मी इथल्या आमच्या टीडीला (खासदाराला) भेटून सांगितलंही आहे.

मिरजकर_ताई | १३ एप्रिल २०२६, रात्री ११.५५

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. आकडा कमी ठेवला की काय होतं ते मी जगले आहे.

मी मिरजेची. जीएनएम नर्सिंग केलं, अकरा वर्षं वॉर्डात काम केलं. इथली नर्सची नोंदणी तेव्हा झालेली नव्हती, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये हेल्थकेअर असिस्टंट म्हणून आले. या कामासाठी परमिट २०२१ पासून द्यायला लागले आणि पगाराची मर्यादा ठेवली २७,०००. बाकी बहुतेक जनरल परमिटांना ३०,००० आणि आम्हाला २७,०००, म्हणजे नर्सिंग होम्सना परवडावं. तेव्हा मला ते उपकारच वाटले. एवढी कमी मर्यादा म्हणून तर मला यायला मिळालं.

मग वर्षाने नवरा आणि मुलाला आणायचं म्हटलं, तेव्हा कळलं की परमिट देणारं खातं वेगळं आणि कुटुंबाला व्हिसा देणारं न्याय खातं वेगळं. न्याय खात्याची उत्पन्नाची अट वेगळी, घरात मुलं जितकी तितकी ती चढते. माझे २७,००० त्या अटीच्या कितीतरी खाली. एका खात्याने सांगितलं, एवढ्या पगारात काम करायला ये. दुसऱ्याने सांगितलं, एवढ्या पगारात तुला कुटुंब पोसता येणार नाही.

नर्सिंग होममध्ये मी रोज दुसऱ्यांच्या आईवडिलांना भरवत होते, आंघोळ घालत होते. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझा मुलगा स्क्रीनला पेढा लावायचा, "आई खा" म्हणायचा. चार वर्षांचा होता.

इथल्या नर्सेसच्या संघटनेने, केरळच्या आणि फिलिपिन्सच्या बायकांनी, यावर खूप आवाज उठवला. जानेवारी २०२४ ला आमची मर्यादा ३०,००० झाली. त्या ऑगस्टमध्ये माझं परमिट नवं करताना पगार वाढला. एक मूल असलेल्या घरासाठी न्याय खात्याचा आकडा त्याच्याही वर होता, म्हणून तेही पुरलं नाही. शेवटी ड्युटी करून रात्री अभ्यास केला, नर्सची नोंदणी मिळवली आणि २०२५ मध्ये एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले. अनुभवाची वर्षं धरून पगार बसला, परमिट क्रिटिकल स्किल्सचं झालं. डिसेंबरमध्ये दोघं आले. मुलगा आता सात वर्षांचा आहे. विमानतळावर तो माझ्याकडे यायच्या आधी एकदा बाबाकडे बघून मग आला.

तीच मी, तोच देश, तेच रुग्ण. परमिटाचं नाव बदललं आणि तीन वर्षांत जे झालं नाही ते काही महिन्यांत झालं. मामा, तुमच्या भाचीची मुलगी तीन वर्षांची आहे म्हणालात. "पाऊल पडू दे" हे मीही ऐकलं होतं. जनरल घेऊ देऊ नका, निदान क्रिटिकल मागून नकार मिळेपर्यंत तरी.

कॉर्कवासी | १४ एप्रिल २०२६, सकाळी ७.१०

ताई, तुमचा प्रतिसाद बहिणीला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, थांबू या.

पेरोलवाला | १४ एप्रिल २०२६, सकाळी ८.४५

मिरजकर_ताईंनी मुद्द्याला हात घातलाय. मामांसाठी दोन परमिटांतला व्यवहार सांगतो.

क्रिटिकल स्किल्सला स्थानिक जाहिरातीची अट नाही, कुटुंबाला लगेच अर्ज करता येतो, जोडीदाराला आल्याबरोबर स्टॅम्प १जी (इथे राहण्याच्या परवान्याचा एक प्रकार) मिळतो आणि त्यावर वेगळ्या परमिटाशिवाय नोकरी करता येते. २१ महिन्यांनी स्टॅम्प ४ साठी अर्ज करता येतो. तो मिळाला की परमिटचा आणि पगाराच्या मर्यादेचा संबंधच संपला. म्हणजे २०३० पर्यंत आकडा कितीही चढो, भाचीला त्याची झळ नाही.

जनरलला आधी २८ दिवस जाहिरात. कुटुंबासाठी एक वर्ष थांबायचं आणि मग न्याय खात्याची उत्पन्नाची अट. जोडीदाराला नोकरीची परवानगी २०२४ पासून मिळायला लागली, हा मोठा बदल, पण तो इथे पोचल्यावर उपयोगाचा. स्टॅम्प ४ पाच वर्षांनी. मधे नूतनीकरण येतं तेव्हा पगार पुन्हा तपासतात, प्रत्यक्ष मिळालेला, महसूल खात्याच्या नोंदीवरून.

बेसिकमधला १,८०० युरोंचा फरक, आणि त्यातून पाच वर्षं की दोन वर्षं हे ठरतं. कन्सल्टंटने हे सांगायला हवं होतं. त्याची फी त्याचसाठी असते.

काका, एकच आकडा सगळ्या देशाला ही तक्रार मला पटते. पण शेफ_बांदा आणि ताईंसारख्यांची पगारपत्रकं मी बघतो. परमिटवरच्या माणसाला पहिले नऊ महिने मालक सोडून जाता येत नाही. जो सोडून जाऊ शकत नाही त्याला पगार वाढवून मागता येत नाही. मग त्याचा पगार कुणीतरी बाहेरून ठरवून द्यावाच लागतो.

लिमरिकचे_काका | १४ एप्रिल २०२६, रात्री ८.२०

ताईंचं लिहिणं दोनदा वाचलं. माझी बायको आणि मुली माझ्याबरोबरच आल्या, त्यामुळे ही बाजू मी कधी मोजली नव्हती. गावागावांत आकडा वेगळा असावा हे माझं मत आजही तेच आहे. पण माझ्या तंदूरवाल्याचं कुटुंब अजून अमृतसरला आहे, आणि त्याला गेल्या दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की ते का आलं नाही. उद्या विचारतो.

बुकित_बतोक | १५ एप्रिल २०२६, सकाळी ६.३०

सिंगापूरहून लिहितेय. नोकरीला एक आकडा आणि कुटुंबाला दुसरा ही गोष्ट इथेही आहे, फक्त इथे ती आधीच छापील सांगतात. एम्प्लॉयमेंट पाससाठी महिना किमान ५,६०० सिंगापूर डॉलर, वित्त क्षेत्रात ६,२००, आणि वय वाढेल तसा आकडा चढतो. तेवढ्यावर थांबत नाही, २०२३ पासून 'कम्पास' नावाची गुणपद्धत आहे, तिथे ४० गुण हवेत. पण नवरा किंवा बायको आणायची तर पगार ६,००० हवा. आईवडील आणायचे तर १२,०००.

म्हणजे ५,७०० वर आलेला तरुण नोकरी करू शकतो, संसार नाही. माझ्या इमारतीत असे तीन मराठी मुलगे एका घरात राहतात, तिघांचीही लग्नं झालेली. इथेही फिक्स्ड पगारच धरतात, बोनस नाही. हा नियम बहुतेक ठिकाणी सारखाच असावा, म्हणून ऑफर वाचताना एकूण आकड्याकडे बघूच नये.

म्युनिककर | १५ एप्रिल २०२६, दुपारी १.४०

जर्मनीतली एक गोष्ट मला आवडते ती सांगतो. इथे ब्लू कार्डचा (उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या परवान्याचा) आकडा दर वर्षी मंत्री ठरवत नाही. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीची जी वरची मर्यादा असते तिच्या ५० टक्के, आणि टंचाईच्या व्यवसायांना व नव्या पदवीधरांना ४५.३ टक्के. २०२६ साठी ती मर्यादा १,०१,४०० आहे, म्हणून ब्लू कार्ड ५०,७०० आणि टंचाईवाल्यांना ४५,९३४. देशातले पगार वाढले की तो आपोआप वाढतो. जाहीर करून पुढे ढकलणं, पुन्हा जाहीर करणं असला प्रकार नाही. कंपनीला आणि कामगाराला दोघांनाही आधी अंदाज घेता येतो.

ब्रिटनमध्ये माझ्या भावाचं उलटं झालं. स्किल्ड वर्कर व्हिसाचा आकडा २६,२०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये थेट ३८,७०० आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. त्याची ऑफर या दोन तारखांच्या मधली होती, अर्जाची तयारी होईपर्यंत आकडा पुढे गेला. तो आता हिंजवडीतच आहे.

चाकण_एचआर | १५ एप्रिल २०२६, रात्री ९.०५

सगळे बाहेरच्या देशांबद्दल लिहितायत म्हणून आपल्या घरचं सांगते. भारताचीही अशी मर्यादा आहे. परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा तर वर्षाला १६.२५ लाख रुपये पगार लागतो. पूर्वी तो डॉलरमध्ये होता, २५,००० डॉलर. चाकण, रांजणगावला जपानी, कोरियन, जर्मन इंजिनिअर येतात त्यांच्या फायली मी करते, म्हणून रोजचा संबंध.

आपल्याकडे एक फरक आहे. कंपनीने दिलेलं घर वगैरे सुविधा करारात रकमेसह लिहिलेल्या असतील आणि त्यांवर प्राप्तिकर मोजला जात असेल, तर त्या या १६.२५ लाखांत धरतात. आयर्लंडमध्ये धरत नाहीत. त्या कन्सल्टंटच्या डोक्यात इथलाच हिशेब असणार असं मला वाटतं.

आणि काकांसाठी : आपल्या नियमात परदेशी पदार्थ करणाऱ्या त्या देशाच्या स्वयंपाक्यांना या मर्यादेतून सूट आहे. इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना आणि दुभाष्यांना, दूतावासातल्या लोकांनाही. म्हणजे पुण्यात सुशी करायला जपानहून माणूस येऊ शकतो १६.२५ लाखांशिवाय. तुमच्या तंदूरवाल्यासाठी तुम्ही जे मागताय ते आपण इतरांना देतो. फक्त शेफ_बांदांचा अनुभव वाचल्यावर अशी सूट मिळालेल्या माणसाचं संरक्षण कोण करतं हा प्रश्न मला पडला. तो मी आमच्या कंपनीच्या कँटीनच्या ठेकेदारालाही विचारणार आहे, त्याच्याकडे दोन कोरियन स्वयंपाकी आहेत.

कॉर्कवासी | १६ एप्रिल २०२६, रात्री १०.००

अपडेट : भाचीने मंगळवारी एचआरला मेल केली. पेरोलवाला यांनी सांगितलं तसंच, भांडणाचा सूर न लावता. शिफ्ट भत्ता बेसिकमध्ये घ्या आणि बेसिक ४१,००० करा, माझं काम क्रिटिकल स्किल्सच्या यादीत आहे, मुलगी लहान आहे, मला जनरल परमिटवर येणं जमणार नाही. उत्तर अजून नाही. उद्या शुक्रवार. ती फार घाबरली आहे, ऑफरच गेली तर?

दुसरा प्रश्न तिच्या नवऱ्याचा आहे. ४१,००० मध्ये गॉलवेत तिघांचं भागेल का? हातात किती येतात?

पेरोलवाला | १६ एप्रिल २०२६, रात्री १०.४०

ऑफर जाणार नाही. ज्या कंपनीने गॉलवेहून वाळूजला तीन मुलाखती घेतल्या ती ५०० युरोंसाठी पुन्हा सगळं करणार नाही.

हिशेब : ४१,००० वर प्राप्तिकर, यूएससी (उत्पन्नावरचा आणखी एक कर) आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) मिळून साधारण ६,७०० जातात. हातात महिन्याला २,८५० च्या आसपास. जानेवारीपासून नवी निवृत्ती बचत लागू झाली आहे, तिचे दीड टक्के म्हणजे महिन्याला ५० युरो. कंपनीची स्वतःची पेन्शन योजना नसेल तर हातात २,८०० धरा. जावयांचा पगार नसेल तर इथे लग्न झालेल्या जोडप्याला करसवलतही वाढवून मिळते, ती अर्ज करून मागावी लागते, आपोआप येत नाही.

घरभाड्यात निम्म्याच्या वर जाईल, हे आधीच सांगतो. एका पगारावर तिघांना ओढाताण आहे. म्हणून तर जावयांना आल्याबरोबर काम करता येणं इतकं महत्त्वाचं. मुलगी तीन वर्षांची आहे, तिला सप्टेंबरपासून ईसीसीई या सरकारी योजनेत रोज तीन तास बालवाडी मोफत मिळेल. जागा आताच विचारून ठेवा.

मिरजकर_ताई | १७ एप्रिल २०२६, पहाटे ५.५०

भाचीला सांगा, घाबरली तरी मागितलं हे बरोबर केलं. मी २०२२ मध्ये एकही प्रश्न न विचारता सही केली होती.

कॉर्कवासी | २१ एप्रिल २०२६, संध्याकाळी ६.१५

मंडळी, नवीन पत्र आलं. बेसिक ४१,०००, ३९ तास, शिफ्ट भत्ता रद्द, बोनस १,५०० पर्यंत. विमा आहेच. क्रिटिकल स्किल्सचा अर्ज कंपनी या आठवड्यात भरते आहे, हजार युरो फी कंपनीची. भाचीने मला पत्राचा फोटो पाठवला, त्यात आधी तास बघितले आणि मग बेसिक. शेफ_बांदा, ते तुमच्यामुळे.

बहीण आता विचारते आहे की लेकीला जुलैत पाठवायचं की तिघांना एकदम गणपतीनंतर.

लिमरिकचे_काका | २१ एप्रिल २०२६, रात्री ९.३०

फार बरं वाटलं. माझ्या तंदूरवाल्याला विचारलं. त्याला तीन मुलं, न्याय खात्याच्या आकड्याला तो पुरत नाही. मला कधी बोलला नाही कारण त्याला वाटलं मी त्याला काढीन. पुढच्या महिन्यापासून पगार वाढवतोय, किती वाढवावा लागेल ते पेरोलवाला यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं आहे.

गॉलवेची_शिरोळकर | २१ एप्रिल २०२६, रात्री १०.१०

इतके दिवस फक्त वाचत होते. मामा, भाचीला जुलैत एकटीच येऊ दे. ऑगस्टअखेर विद्यार्थी येतात, मग गॉलवेत घर मिळत नाही. घर आधी घेतलं की मागून येणाऱ्या दोघांची सोय होते. पहिले काही आठवडे ती आमच्याकडे राहू शकते, एक खोली रिकामी आहे आणि कारखान्यांच्या बाजूची बस दारातून जाते. फोन नंबर व्यनि करते.